रश्श्याला भिऊ नका, कच्च्या कोंबडीला जपा



लागण, बेणे, खते, खोडवा हे आमचे नेहमीचे विषय. तेव्हा शेतकी खात्याचा माणूस यावेळी कोंबडीवर लिहायला बसलेला पाहून काहींना नवल वाटेल. पण गटागटांत फिरताना हा विषय आपणच काढता. "साहेब, पुण्याला तो पाय लुळे पडण्याचा आजार कोंबडीनं झाला म्हणतात, खरं का?" "शेडचं खत उसाला टाकलं तर त्यातून काय रोग येतो का?" "कोंबडी धुवायची का नाही धुवायची? टीव्हीवर एक सांगतात, घरात एक चालतं." असे प्रश्न बांधावर उभ्याउभ्या सुटत नाहीत. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या उसाशेजारी आज कोंबड्यांचे शेड उभे आहे. कोंबडी खत आपल्या सरीत जाते आणि आखाडात कोंबडी आपल्या ताटातही येते. म्हणून हा विषय ऊस उत्पादकाच्या घरचाच आहे.

प्रथम मुद्द्याची गोष्ट सांगून टाकतो. पूर्ण शिजलेल्या कोंबडीपासून भय नाही. भय आहे ते कच्च्या कोंबडीचे पाणी, रक्त आणि हात जिथे जिथे लागतात तिथे. आपण चुलीकडे लक्ष देतो आणि विळीकडे, मोरीकडे दुर्लक्ष करतो. घोटाळा होतो तो तिथेच.

पुण्यात काय घडले?

सन २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला या पट्ट्यात एका विचित्र आजाराचे रुग्ण एकदम वाढले. आधी जुलाब, पोटदुखी. ती बरी होते न होते तोच पायांत मुंग्या, पायातली शक्ती जाणे, मग हात, आणि काहींना श्वास घेणेही अवघड. या आजाराचे नाव गियाँ-बारे सिंड्रोम, वर्तमानपत्रांत 'जीबीएस' म्हणून आले ते हेच. पुणे परिसरात संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही रुग्ण दगावले. आपली कितीतरी मुले शिक्षणाला आणि नोकरीला त्याच भागात राहतात, त्यामुळे इथल्या घराघरांत काळजी पसरली.

हा आजार स्वतः संसर्गजन्य नाही. अंगात एखादा जंतू शिरला की शरीराची संरक्षक शक्ती त्याच्याशी लढते. क्वचित तिची गफलत होते आणि ती जंतूबरोबर आपल्याच नसांवर हल्ला करते. अशी गफलत घडवण्यात जगभर ज्या जंतूचे नाव सर्वांत पुढे येते, तो 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी'. पुण्यातही अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हा जंतू सापडला.

आता हा जंतू राहतो कुठे? मुख्यत्वे कोंबडीच्या आतड्यात. म्हणून कोंबडीचे नाव पुढे आले. पण त्या भागातील बऱ्याच लोकांना विहिरीचे पाणी पुरवले जात होते, आणि दूषित पाण्यावरच पहिला संशय होता. म्हणजे जंतू कोंबडीत राहणारा असला तरी माणसाच्या पोटात जायला त्याला कोंबडी खाल्लीच पाहिजे असे नाही. पाण्यातूनही तो जातो. राज्य शासनाने तेव्हा पाणी उकळून प्या आणि कोंबडी पूर्ण शिजवून खा, असाच सल्ला दिला. कोंबड्या मारून टाकण्याची गरज नाही, हेही स्पष्ट केले.

घाबरून जाऊ नये म्हणून प्रमाणही सांगतो. कॅम्पिलोबॅक्टरचा जुलाब झालेल्या साधारण हजार माणसांत एखाद्याला जीबीएस होतो. बाकीचे आठवड्याभरात बरे होतात. पण तो हजारातला एक आपल्या घरातला असू शकतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

जंतू येतो कुठून?

कच्च्या कोंबडीवर मुख्यतः दोन जंतू सापडतात. एक वर सांगितलेला कॅम्पिलोबॅक्टर, दुसरा साल्मोनेला. कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि कॅम्पिलोबॅक्टरला तेवढीच ऊब मानवते. गंमत अशी की हे जंतू पोटात असूनही कोंबडी धडधाकट दिसते. तुरा लाल, चाल खणखणीत. म्हणून "आमच्या घरची गावरान आहे, तिला काय होतंय" या भरवशावर राहू नये. गावरान असो, ब्रॉयलर असो की शेतात मोकळी फिरणारी गिरिराज असो, आतडे ते आतडेच.

जिवंत कोंबडीच्या मांसात हे जंतू सहसा नसतात. ते बाहेर येतात कापताना. आतडे फुटले, विष्ठा कातडीला लागली, सगळ्या कोंबड्या त्याच एका बादलीत बुडवल्या, त्याच लाकडी ठोकळ्यावर तोडल्या, की एकीचे जंतू दहा जणींना लागतात. पिसे उपटलेल्या कातडीच्या बारीक खळग्यांत ते दडून बसतात आणि नुसत्या पाण्याने निघत नाहीत.

यापुढचे आपणा सर्वांना सांगायला नकोच, कारण उसाचेही तसेच आहे. उभ्या उसात साखर सुरक्षित असते. कोयत्याचा घाव बसला की कापलेल्या तोंडातून 'ल्युकोनोस्टॉक' नावाचा जंतू आत शिरतो, साखर खातो आणि रसात डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतो. म्हणून तर तोडलेला ऊस लवकरात लवकर गव्हाणीवर आणा, असे आम्ही दर हंगामात कानीकपाळी ओरडतो. म्हणून कारखान्यात मिलवर गरम पाणी आणि वाफ मारतात. कापलेली कोंबडीही शिळ्या उसासारखीच. घाव बसल्यापासून घड्याळ सुरू होते.

हे घड्याळ किती वेगाने चालते ते पाहा. उबदार हवेत साल्मोनेलासारखे जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. सकाळी नऊला एक जंतू धरला तर दहाला आठ, अकराला चौसष्ट, आणि दुपारी तीनला अडीच लाखांवर. बाजारातून आणलेली पिशवी मोटारसायकलला अडकवून चार ठिकाणी गप्पा मारत घरी गेलो, तर आपण घरी काय घेऊन जातो ते यावरून ध्यानात यावे. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या सुगीचा पट्टा समजतात. या पट्ट्यात मांस दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त नको.

कॅम्पिलोबॅक्टर मात्र बाहेर ठेवलेल्या मांसात फारसा वाढत नाही. पण त्यावर समाधान मानू नका. आजारी पाडायला त्याचे काहीशे जंतू पुरतात. कच्च्या कोंबडीच्या पाण्याच्या एका थेंबात तेवढे असू शकतात.

फ्रिजमध्ये जंतू मरतात असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे. फ्रिजमध्ये ते झोपतात. बर्फाच्या कप्प्यातही साल्मोनेला जिवंत राहतो आणि बाहेर काढले की पुन्हा कामाला लागतो.

बेण्याची प्रक्रिया आणि कोंबडीचा रस्सा

जंतू मारण्याचा घरात एकच खात्रीचा मार्ग, तो म्हणजे उष्णता. हळद-मीठ-लिंबू लावून तासभर ठेवल्याने चव येते, वास जातो, पण जंतूंचा नायनाट होत नाही. दही लावूनही होत नाही.

पायाभूत बेण्याला आपण उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया करतो, ती आठवा. ५४ अंश सेल्सिअस, १५० मिनिटे. तापमान कमी म्हणून वेळ जास्त. कांडीच्या बाहेरच्या सालीला ५४ अंश मिळून भागत नाही. ते कांडीच्या गाभ्यापर्यंत पोचावे लागते, म्हणून तर एवढा वेळ. कोंबडीचा हिशेबही असाच मांडतात. फोडीच्या गाभ्यात ७० अंश दोन मिनिटे टिकले किंवा एकदा ७४ अंश आले, की हे जंतू मेले. बर्ड फ्लूचा विषाणूही एवढ्या उष्णतेत टिकत नाही.

आपला नेहमीचा रस्सा या कसोटीला पुरून उरतो. येसर घातलेला रस्सा रटरट उकळतो तेव्हा ९५ अंशांच्या पुढे असतो, आणि फोडी त्यात अर्धा-पाऊण तास असतात. म्हणून आपल्या आजी-पणजीच्या पद्धतीने शिजवलेली कोंबडी ही जगातल्या सुरक्षित पद्धतींपैकी एक मानायला हरकत नाही.

धोका वाढला तो नव्या प्रकारांनी. मोठ्या आचेवर पटकन तळलेले जाड पीस, शेतात विस्तवावर भाजलेली अख्खी तंगडी, ढाब्यावरची घाईघाईची तंदूर, अर्धी कच्ची परतलेली कलेजी. यात बाहेरून करपते आणि हाडाजवळ गुलाबी राहते. ओळखायचे कसे? सर्वांत जाड फोड हाडापर्यंत उघडून पाहावी. मांस गुलाबी नको, आतून निघणारे पाणी लालसर नको, मांस हाडापासून सहज सुटायला हवे. शंका आली तर पुन्हा भांड्यात. बर्फातली कोंबडी पूर्ण सुटी न होता थेट तेलात टाकली तर गाभा कच्चा राहतोच, हेही लक्षात ठेवावे.

अंड्यालाही हाच नियम. तडा गेलेले, विष्ठा लागलेले अंडे कच्चे किंवा अर्धकच्चे घेऊ नये. तालमीतल्या पोरांनी कच्ची अंडी दुधात फोडून पिण्याची सवय सोडावी. उकडलेल्या अंड्यातले प्रथिन तर शरीराला जास्त चांगले लागू पडते.

खरी चूक चुलीवर नाही, विळीवर होते

आता मुख्य मुद्दा. रस्सा उकळून उतरवला, त्यातला जंतू मेला. पण ज्या विळीवर कोंबडी चिरली त्याच विळीवर, फडक्याने पुसून, कांदा, काकडी आणि लिंबू चिरले. ज्या परातीत कच्च्या फोडी होत्या तिच्यातच भाकरी ठेवली. कोंबडीचा हात न धुता पोराला पाण्याचा तांब्या भरून दिला. हा कांदा, ही भाकरी, हे पाणी पुन्हा चुलीवर जात नाही. सरळ पोटात जाते. पाहुणे म्हणतात रस्सा बाधला. बाधला तो कांदा!

एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅम्पिलोबॅक्टरची लक्षणे बहुधा दोन ते पाच दिवसांनी दिसतात, साल्मोनेलाची सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत. म्हणून बुधवारी जुलाब झाले की आपण मंगळवारच्या जेवणाला दोष देतो, आणि खरा गुन्हेगार रविवारचा असतो.

आता धुण्याचा प्रश्न. ब्रिटनच्या अन्न खात्याने सन २०१४ मध्ये लोकांना जाहीर विनंती केली की कच्ची कोंबडी धुऊ नका. कारण असे की नळाच्या धारेखाली धरली की बारीक तुषार ओट्यावर, भांड्यांवर, कपड्यांवर उडतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही उडतात. धुतल्याने कोंबडी स्वच्छ होत नाही, स्वयंपाकघर मात्र घाण होते. आपल्याकडे बाजारातून रक्त-पिसांसकट मांस येते, तेव्हा न धुण्याची कल्पना आपल्या माउल्यांना पटणार नाही, हे मी जाणतो. म्हणून मधला मार्ग सांगतो:

१. शक्यतो दुकानदाराकडूनच कातडी काढून, पिसे आणि आतडी नीट साफ करून घ्यावीत.

२. धुवायचीच तर नळाखाली किंवा हापशावर नको. खोल पातेल्यात फोडी ठेवून पाणी हळूच ओतावे, हलक्या हाताने चोळून ओतून द्यावे. जवळ दुसरे भांडे, हंडा, भाजी असू नये.

३. ते पाणी अंगणात, कोथिंबिरीच्या वाफ्यात किंवा हौदाजवळ टाकू नये. मोरीत टाकून वरून भरपूर पाणी सोडावे. मोरी साबणाने घासावी.

४. कांदा, काकडी, लिंबू आधी चिरून झाकून ठेवावे. कोंबडी नंतर. जमल्यास कोंबडीसाठी वेगळी सुरी आणि वेगळा पाट ठेवावा.

५. विळी, सुरी, पाट, परात साबण आणि कडक पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी. ज्या फडक्याने रक्त पुसले ते पुन्हा ओट्याला लावू नये.

६. हात साबणाने वीस सेकंद धुवावेत. वीस सेकंद म्हणजे घाई न करता वीसपर्यंत आकडे मोजणे.

७. फ्रिजमध्ये कच्ची कोंबडी सर्वांत खालच्या खणात, झाकणाच्या डब्यात ठेवावी. वर ठेवली तर तिचे पाणी दुधावर आणि भाजीवर ठिबकते.

दुकानदार निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ प्रमाणे मांसविक्रेत्याला नोंदणी किंवा परवाना लागतो. तो दुकानात लावलेला आहे का ते पाहावे. ठोकळा घासलेला आहे का, पाणी वाहते आहे का, माश्या किती आहेत, हे पाहावे आणि बोलून दाखवावे. चार गिऱ्हाइकांनी विचारले की दुकानदार सुधारतो.

कंदुरीचा, जत्रेचा आणि भंडाऱ्याचा रस्सा

कंदुरी असो, जत्रेचा पाहुणचार असो की जागरण-गोंधळाचे जेवण, मोठ्या डेगीत शिजवलेल्या अन्नात आणखी एक चोर असतो. त्याचे नाव 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स'. त्याचे बीज उकळीतही मरत नाही. रस्सा उतरवून डेग तशीच झाकून ठेवली, की मोठ्या भांड्यात तो तासन् तास कोमट राहतो आणि हे बीज उगवते. सकाळी तोच रस्सा जरा गरम करून वाढला की सहा ते चोवीस तासांत निम्मी पंगत पोट धरून बसते. चिकन, मटण दोन्हीला हे लागू.

दुसरा चोर वाढप्याच्या हाताला असतो. बोटाला पिकलेली जखम, गळू असेल तर त्यातला 'स्टॅफिलोकॉकस' अन्नात उतरतो आणि विष तयार करतो. हे विष पुन्हा उकळले तरी जात नाही.

उपाय सोपे आहेत. रस्सा गरमागरम वाढावा, आच चालू ठेवावी. उरलेला रस्सा लगेच लहान, उथळ भांड्यांत काढून गार करावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी नुसता कोमट करू नये, खळखळून उकळी आणावी. फ्रिजची सोय नसेल तर उरवू नये. अन्न टाकणे जिवावर येते खरे, पण सलाईनची बाटली त्याहून महाग पडते. ज्याच्या हाताला जखम आहे किंवा ज्याला जुलाब होत आहेत त्याला त्या दिवशी पंगतीत बसवावे, वाढायला उभे करू नये.

कोंबडी खत, आंतरपीक आणि विहीर

आता माझ्या खात्याचा विषय. कोंबडी खतात नत्र, स्फुरद आणि पालाश शेणखतापेक्षा जास्त असते, म्हणून उसाला ते जरूर वापरावे. उसाला त्यापासून धोका नाही. ऊस बारा ते अठरा महिने शेतात असतो आणि त्याचा रस कारखान्यात उकळतो. धोका आहे तो उसातल्या आंतरपिकाला. आडसाली लागणीत किंवा पूर्वहंगामी उसात आपण कोथिंबीर, मेथी, कांदा, मुळा, कोबी घेतो. शेडमधून काढलेले ओले, कच्चे खत सरीत टाकले आणि दीड महिन्यात तीच कोथिंबीर बाजारात नेली, तर शेडमधला जंतू कोथिंबिरीवर बसून कुणाच्या तरी ताटात जातो. त्याने जन्मात कोंबडी खाल्ली नसेल तरी!

म्हणून खत कुजवूनच वापरावे. कोंबडी खतात प्रेसमड, बारीक केलेले पाचट आणि शेण मिसळून ढीग लावावा. ओल इतकी असावी की मूठ आवळली तर हाताला ओलावा लागेल, पण पाणी गळणार नाही. ढिगाच्या आत तापमान ५५ अंशांच्या वर जाऊन काही दिवस टिकले पाहिजे. लोखंडी गज ढिगात घालून दहा मिनिटांनी काढावा. हातात धरवत नसेल तर ढीग तापला. बाहेरचा थर आत येण्यासाठी ढीग चार-पाच वेळा उलटावा. कच्चेच खत टाकावे लागले, तर मातीला टेकणारी आणि कच्ची खाल्ली जाणारी भाजी त्या शेतातून निदान १२० दिवस काढू नये. अमेरिकेत सेंद्रिय शेतीच्या नियमांत हेच अंतर धरले आहे.

ढीग विहिरीपासून, बोअरपासून आणि ओढ्यापासून दूर, उताराच्या खालच्या बाजूला लावावा. पावसाळ्यात त्यावर कागद टाकावा. आपल्या वस्त्यांवर पिण्याचे पाणी बहुधा विहिरीचेच असते आणि पुण्याचा धडा पाण्याचाच आहे. विहिरीच्या दर १००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून, निवळी सोडून एक तास थांबावे. पावडर जुनी, वास उडालेली असेल तर उपयोग नाही. पावसाळ्यात लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर सुना यांना तरी उकळलेले पाणी द्यावे.

हंगामात आपल्या फडात येणाऱ्या तोडणी कामगारांचाही विचार करावा. कोपीत ना ओटा असतो, ना नळ. एकाच घमेल्यात सगळे धुतात आणि पाटाचे पाणी पितात. टोळी आजारी पडली तर तोड थांबते आणि ऊस वाळतो. हे झाले व्यवहाराचे. माणुसकीचे असे की त्या कोपीतही लहान लेकरे असतात. फडाच्या मालकाने शुद्ध केलेल्या पाण्याची एक टाकी आणि साबणाच्या दोन वड्या दिल्या तर फार काही खर्च होत नाही.

शेडधारकांसाठी दोन शब्द

अफवेने शेडधारकाचे किती नुकसान होते हे आपण पाहिले आहे. सन २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आणि सन २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरोनाची खोटी आवई उठली तेव्हा कोंबडी मातीमोल झाली. गिऱ्हाइकाचा विश्वास हेच शेडधारकाचे भांडवल. तो शेडमधूनच जपावा लागतो.

तूस कोरडे ठेवावे. ओले झालेले लगेच काढावे. उंदीर, घुशी, माश्या आणि रानपाखरे यांचा बंदोबस्त करावा, कारण साल्मोनेला शेडमध्ये आणणारे बहुधा तेच असतात. शेडसाठी वेगळी चप्पल, दारात जंतुनाशकाची किंवा चुन्याची पाटी ठेवावी. पिण्याचे पाणी क्लोरीन टाकून द्यावे. लॉट उचलण्याआधी आठ ते बारा तास खाद्य बंद करावे, पाणी चालू ठेवावे. आतडे रिकामे असले की कापताना विष्ठा कमी लागते.

औषधांचे मात्र जपून. पक्षी वाढावेत म्हणून खाद्यातून प्रतिजैविके देण्याची खोड लागली की जंतू त्या औषधाला सरावतात. पुढे तोच जंतू माणसाला झाला तर डॉक्टरांच्या हातातले औषध बोथट ठरते. याच कारणाने केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध खाद्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांकरिता बनवण्यास आणि विकण्यास बंदी घातली. माणसाच्या अगदी अखेरच्या उपचारासाठी ते राखून ठेवलेले औषध आहे. पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय औषध देऊ नये. दिले तर विक्रीपूर्वी ठरलेले दिवस पूर्ण होऊ द्यावेत.

जुलाब झालेच तर

बहुतेक जुलाब दोन-चार दिवसांत थांबतात. मरण येते ते अंगातले पाणी आटल्याने. इथे आपल्या कारखान्याचा माल उपयोगी पडतो! उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, झाली जलसंजीवनी. चमचा चहाचा. माप चुकवू नये, मीठ वाढवू नये. साखर केवळ चवीसाठी नसते. तिच्यातील ग्लुकोजच्या आधाराने आतडे मीठ आणि पाणी ओढून घेते. सन १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत साखर-मिठाच्या अशाच पाण्यावर असंख्य जीव वाचवले. सरकारी दवाखान्यातील ओआरएसची पुडी मिळाली तर ती अधिक चांगली. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र घरी थांबू नये. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी बंद होणे, मूल सुस्त पडणे. आणि जुलाब बरे झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढवेना, उठबस जमेना, तर "अशक्तपणा असेल" म्हणून वाट पाहू नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. १०८ ला फोन करावा. हा आजार वेळेत ओळखला तर बहुसंख्य रुग्ण पुन्हा चालू लागतात. आपल्या मनाने दुकानातून प्रतिजैविके आणि जुलाब बांधणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत.

सभासद बंधू-भगिनींनो, आखाड आला की घरोघरी कोंबडी शिजणार, पाहुणे येणार. जरूर यावेत. कोंबडी हे स्वस्त आणि चांगले प्रथिन आहे, आपल्याच शेतकऱ्याने वाढवलेले आहे. विनंती एवढीच की हा अंक घरातील माउलीच्या आणि सुनेच्या हाती द्यावा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यावा. आणि त्या दिवशी कांदा आधी चिरावा, कोंबडी मागून. खत कुजवण्याबाबत कोणाला मदत हवी असल्यास आपल्या गट ऑफिसला कळवावे. आमचा माणूस बांधावर येईल.



आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग